विटांची कातडी

व्हर्लिन केसनरने टिलफर्डच्या घराची वाट लावली ती नऊ दिवसांत. पुढची पंधरा वर्षं तो ते निस्तरत राहिला, आणि शेवटपर्यंत ते निस्तरलं नाही.

मॅरिस लँडिंगमध्ये केसनर म्हणजे गवंडी, हे कोणाला वेगळं सांगावं लागत नसे. व्हर्लिनचा पणजोबा जर्मनीहून आला तो थापी घेऊनच. ओहायो नदीच्या काठची माती खणायची, हाताने साच्यात दाबायची, लाकडाच्या भट्टीत भाजायची. त्या विटांनी त्याने निम्मं गाव उभं केलं. त्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे खासदार ॲम्ब्रोज टिलफर्डचं घर. खासदाराने ऐन भरात असताना ते इटालियन धाटणीचं बांधून घेतलं. उंच, अरुंद खिडक्या, त्यांच्यावर भुवयांसारख्या विटांच्या कमानी, रुंद वळचणीखाली कोरीव लाकडी टेकू, आणि छपरावर चौकोनी काचेची खोली. गव्हर्नरची निवडणूक चारशे मतांनी हरल्यावर खासदार वर्षभर त्या खोलीतून खाली आला नाही, हे गावातले म्हातारे अशा तोंडाने सांगत की त्याचं ताट वर नेऊन देणारे हेच.

१९६७ मध्ये गावाला दीडशे वर्षं होणार होती. घर तोवर गावच्या इतिहास मंडळाकडे आलं होतं आणि त्याच्यावर करड्या रंगाचे इतके थर चढले होते की खालची वीट कोणी पाहिलेलीच नव्हती. मंडळाच्या अध्यक्ष होत्या विनिफ्रेड ऑल्डस. तीस वर्षं त्यांनी चौथीचा वर्ग शिकवला होता, त्यामुळे अर्धं गाव त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणे. व्हर्लिनही त्यांचाच विद्यार्थी. उत्सवाच्या दिवशी घर खासदाराच्या काळी होतं तसं लालभडक दिसलं पाहिजे, असं बाईंनी मनावर घेतलं होतं. आणि व्हर्लिनने त्याच वसंतात लुईव्हिलहून एक कॉम्प्रेसर आणला होता. नळीतून वाऱ्याच्या जोराने रेती सोडायची. काजळी, रंग, जे काही असेल ते उडून जायचं. तो तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. काम मिळालं त्या संध्याकाळी त्याने जेवायच्या टेबलावर ते सगळ्यांना सांगितलं.

त्याचे वडील ओटो समोर बसले होते. संधिवाताने बोटं वाकडी झालेली, थापी सुटून आठ वर्षं झालेली. त्यांनी हातातला काटा खाली ठेवला.

“तिची कातडी सोलू नकोस,” ते म्हणाले.

“कोणाची?”

“विटेची. आपल्या भट्टीतली वीट पावासारखी आहे. वरून खरपूस, आतून मऊ. वरचं गेलं की आत नुसती माती.”

“बाबा, मी रंग काढतोय. वीट नाही काढत.”

“रेतीला काय कळतंय, रंग कुठे संपला ते?”

व्हर्लिन हसला आणि त्याने मक्याची भाकरी पुढे सरकवली. त्याची बायको आर्डिथ तिथेच होती. म्हाताऱ्याला यंत्राचा हेवा वाटतोय असं तिला त्या वेळी वाटलं होतं, हे तिने फार पुढे कबूल केलं.

जुलैच्या उन्हात नऊ दिवस काम चाललं. डोक्यावरच्या टोपाची काच घामाने धूसर व्हायची, म्हणून व्हर्लिनने दुसऱ्याच दिवशी तो टोप फेकून दिला आणि तोंडाला रुमाल बांधला. रस्त्याच्या पलीकडे खुर्च्या टाकून लोक बघायला बसत. करड्या भिंतीतून लाल वीट वर येताना पाहणं खरंच सुख होतं. शेवटच्या दिवशी नळी बंद झाली तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी सगळ्यांसमोर व्हर्लिनच्या धुळीने माखलेल्या गालाचा मुका घेतला, आणि तोच फोटो वर्तमानपत्रात आला.

ओटोंना गाडीत घालून घर दाखवायला नेलं. ते उतरले, भिंतीपाशी गेले, एका विटेवरून त्यांनी अंगठा फिरवला. अंगठ्याकडे पाहिलं. तो विजारीला पुसला आणि पुन्हा गाडीत जाऊन बसले. 

त्यानंतर प्रत्येकालाच आपलं घर तसं लाल हवं झालं. तीन वर्षांत व्हर्लिनने गावातली आणखी अकरा घरं सोलून काढली.

पहिली खूण दिसली दुसऱ्या हिवाळ्यानंतर. बर्फ वितळायला लागलं आणि टिलफर्डच्या घराच्या उत्तरेच्या भिंतीलगत, पांढऱ्यावर, एक लाल रेघ उमटली. व्हर्लिनने वाकून बोट लावलं. पिठासारखी माती होती. राहिलेली धूळ असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. पुढच्या वसंतात ती रेघ रुंद झाली होती. त्या दोन वसंतांच्या मधल्या फेब्रुवारीत ओटो गेले, त्यामुळे विचारायलाही कोणी उरलं नव्हतं. आणि असते तरी त्याने विचारलं नसतं.

तो चर्चला जाईनासा झाला. रविवारी सगळं गाव प्रार्थनेला बसलेलं असताना तो झाडू आणि घमेलं घेऊन टिलफर्डच्या अंगणात जायचा, भिंतीखालची माती गोळा करायचा आणि नदीत नेऊन ओतायचा. आर्डिथ शाळेच्या स्वयंपाकघरात काम करी. तिला तिथल्या बायका विचारत, नवरा कुठे असतो. ती सांगे, पाठ धरलीय.

माती थांबेना तेव्हा त्याने उपाय सुरू केले, आणि इथेच खरा घात झाला. जुन्या भिंतीतले सांधे चुन्याचे होते, मऊ. पावसाचं पाणी भिंतीत शिरलं तर ते त्या सांध्यांतून हळूहळू बाहेर पडे. व्हर्लिनला वाटलं, सांधे घट्ट केले तर पाणी शिरणारच नाही. १९७२ च्या उन्हाळ्यात त्याने बाईंना सांगितलं की थोडी डागडुजी हवी आहे, आणि दोन भिंतींचे सांधे खरवडून त्यांत कडक सिमेंट भरलं. आता पाण्याला बाहेर पडायला वाट एकच उरली, ती विटेतून. चार वर्षांनी त्याने पाणी अडवणारं एक औषध आणून सगळ्या भिंतींना फासलं. तीही वाट बंद झाली.

मग १९७७ चा जानेवारी आला. नदी काठापासून काठापर्यंत गोठली. लोक चालत पलीकडे केंटकीत जाऊन आले आणि तशी छायाचित्रं काढून घेतली. व्हर्लिन मात्र टिलफर्डच्या पश्चिमेच्या भिंतीपाशी उभा होता. आतलं पाणी गोठून फुगत होतं आणि विटांचे चेहरे सुटून पडत होते. एक पडायचा, मग बराच वेळ काही नाही, मग खालच्या थरातला एक. आवाज फार नव्हता. त्या आठवड्यात त्याने दोन हातगाड्या भरून तुकडे उचलले. आता ते झाडून लपवता येण्यासारखं राहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मंडळाने राजधानीतून जुन्या इमारतींची एक जाणकार बोलावली. तरुण होती, अंगात जाड कोट, हातात छोटी हातोडी. दिवसभर ती भिंतींवर टिचक्या मारत फिरली आणि संध्याकाळी टिलफर्डच्याच बैठकीच्या खोलीत तिने सगळ्यांना सांगितलं. आधी रेतीने विटेचं संरक्षण काढून टाकलं. मग सिमेंटने पाणी आत कोंडलं. मग औषधाने उरलीसुरली भोकं बुजवली. “हे तिन्ही एकाच माणसाचं काम असेल,” ती म्हणाली, “तर त्याने या घराशी वैर धरलं होतं असंच म्हणावं लागेल.”

खोलीत तीसएक माणसं होती आणि हे कोणाचं काम, ते प्रत्येकाला माहीत होतं. एकानेही मान वळवून मागच्या रांगेकडे पाहिलं नाही. व्हर्लिनला तेच सहन होईना. कोणी शिवी घातली असती तर तो उठून उभा तरी राहिला असता.

कोणीतरी उपाय विचारला. तसा नाही, ती म्हणाली. कुठेकुठे एकेक वीट काढून उलटी फिरवून बसवतात, कारण विटेची आतली बाजू रेतीने खाल्लेली नसते. पण ते एखाद्या कमानीपुरतं. एवढी भिंत कोण फिरवत बसणार?

दुसऱ्या दिवशी व्हर्लिन बाईंच्या घरी गेला. त्या ओट्यावर वाटाणे सोलत बसल्या होत्या. तो पायरीवरच उभा राहिला.

“बाई, काल कोणीतरी म्हणालं की त्या वेळी हे कोणाला माहीत नव्हतं. ते खोटं आहे. माझ्या बाबांना माहीत होतं. त्यांनी मला सांगितलं होतं.”

बाईंचे हात थांबले नाहीत. “मलाही सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या.

त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

“तू काम सुरू करायच्या दोन दिवस आधी ओटो इथे आला होता. तू उभा आहेस तिथेच, टोपी हातात घेऊन. मी त्याला म्हटलं, मिस्टर केसनर, जग पुढे गेलंय. त्याला लिंबूपाणी दिलं. ते तो प्यायला नाही.”

“तुम्ही अकरा वर्षं बोलला नाहीत?”

“तू तरी कुठे बोललास?”

व्हर्लिन खाली बसला. दोष आपल्या एकट्याचा आहे असं धरून तो इतकी वर्षं चालत आला होता. त्यात वाटेकरी निघाला म्हणून काही हलकं वाटलं नाही. उलट म्हातारा वाकड्या बोटांत टोपी धरून या पायरीवर उभा आहे, हे चित्र आता कायमचं डोळ्यांसमोर आलं. व्हर्लिन म्हणाला, “मी फिरवतो विटा.”

“किती आहेत, मोजल्यास?”

“नाही. आणि मोजणारही नाही.”

१९७९ च्या एप्रिलमध्ये त्याने उत्तरेच्या भिंतीला परांची बांधली. बाकीची कामं सोडून दिली. आर्डिथला शाळेची सुट्टी लागली की ती परसातल्या जुन्या आंघोळीच्या टबात चुना भिजवायची आणि बादल्यांनी वर पोचवायची. तिचे हात चुन्याने फुटले. त्यांना ती डुकराची चरबी चोळायची. छिन्नीने सांधा मोकळा करायचा, वीट हलकेच सोडवायची, साफ करायची, पाठ बाहेर करून मऊ चुन्यात बसवायची. कागदावर एवढं सोपं. पण त्याने स्वतः भरलेलं सिमेंट विटेपेक्षा कडक होतं. सांधा निघण्याआधी वीटच फुटायची. दहातल्या चार अख्ख्या हाती लागल्या तर तो दिवस चांगला. फुटलेल्यांच्या जागी पाडलेल्या दारूभट्टीच्या विटा वापरल्या. त्या त्याच मातीच्या होत्या. छिन्नी लावताना तो पुटपुटत असायचा. आर्डिथने एकदा कान देऊन ऐकलं तर तो दुसरं काही नाही, ‘नीघ, नीघ’ एवढंच म्हणत होता.

पहिल्या वर्षी जेमतेम तळमजल्याची भिंत झाली. दुसऱ्या वर्षी वेग वाढायला हवा होता, तो कमी झाला. चार पायऱ्या चढला की व्हर्लिन परांचीचा खांब धरून उभा राहायचा. सर्दी आहे, म्हणायचा. एके दिवशी आर्डिथला त्याच्या कोटाच्या खिशात डॉक्टरची चिठ्ठी सापडली. ती घेऊन ती सरळ दवाखान्यात गेली. तिथे तिला कळलं की त्याच्या फुप्फुसांत रेतीची धूळ बसली आहे, ती निघत नाही, आणि हे त्याला वर्षभरापासून माहीत आहे.

त्या दुपारी ती घरी न जाता परांचीवर चढली. तोवर ती कधी वर चढली नव्हती.

“खाली उतर,” ती म्हणाली.

“हा थर संपवतो.”

“तुला भिंत वाचवायची आहे की मरायचं आहे, ते एकदा मला नीट सांग. म्हणजे मी त्या हिशेबाने स्वयंपाक करीन.”

तो हसायला गेला आणि खोकल्याने वाकला. ती तो थांबेपर्यंत वाट पाहत राहिली.

“आर्डी, थांबलो म्हणून ते बरं होणार नाही. डॉक्टरने तसं सांगितलंय.”

“मग मी? माझं काय सांगितलंय डॉक्टरने?”

तिने खाली पडलेली छिन्नी उचलली, त्याच्या हातात दिली नाही, स्वतःच सांध्याला लावली. “दाखव,” ती म्हणाली. “किती जोर द्यायचा ते दाखव.”

पुढचे पंधरा महिने भिंत अशी वर गेली: तो पालथ्या बादलीवर बसून सांगणार, ती सोडवणार, बसवायचं तेवढं तो करणार. १९८१ च्या ऑक्टोबरात उत्तरेची भिंत वळचणीपर्यंत पोचली. बाई काठी टेकत येऊन पाहून गेल्या. नवी बाजू काळपट, शांत लाल होती. तिच्याखाली पुढच्या वसंतात एक कणही पडला नाही.

पण पश्चिमेची भिंत थांबली नव्हती. १९८२ च्या मेमध्ये तिला मधोमध पोट आलं. व्हर्लिनने ओळंबा सोडून पाहिला आणि दोरी गुंडाळली. त्याच्यात आता परांची बांधायचंही बळ नव्हतं. तरी त्याने मंडळाला एक उन्हाळा मागितला. बैठकीत तो उभा राहिला, पण वाक्य पुरं करण्याइतका श्वास त्याला पुरेना, आणि लोक खाली बघत राहिले. भिंत रस्त्यावर कोसळली तर कोणीतरी जिवानिशी जाईल, हे त्यालाही दिसत होतं. उतरवायची ठरली. हात वर करताना बाईंनी डोळे मिटून घेतले होते.

शेजारच्या परगण्यातला ठेकेदार सप्टेंबरात यंत्र घेऊन आला. सकाळी आठला सुरू केलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत भिंत जमिनीवर होती. व्हर्लिन रस्त्यापलीकडे गाडीत बसून होता. वरच्या मजल्यावरचा पिवळ्या फुलांचा भिंतीवरचा कागद, शंभर वर्षांत पहिल्यांदाच उन्हात आलेला, फडफडत होता. ठेकेदाराच्या माणसांनी त्या बाजूला लाकडी फळ्या मारल्या आणि त्यांना विटेच्या रंगाचा रंग दिला. घर बघायला येणाऱ्यांना मंडळाची माणसं सांगत, हवामानाने भिंत गेली.

आठवड्याने एका सकाळी व्हर्लिनने कोट चढवला आणि आर्डिथला गाडी काढायला सांगितली. त्याला त्या अकरा घरांत जायचं होतं. सोललेली ती घरंही आता पीठ गाळायला लागली होती, आणि लोक जे सुचेल ते करतील हे त्याला ठाऊक होतं, कारण त्याने स्वतः तेच केलं होतं.

तो एकेक दार वाजवायचा, कठड्याला धरून श्वास जुळवायचा आणि सांगायचा: मी व्हर्लिन केसनर, तुमच्या भिंतीचं वाटोळं मी केलं. आता एवढंच ऐका. सिमेंट भरू नका. औषध लावू नका. चुना भरा, मऊ चुना. पहिल्या घरात त्याला खुर्ची दिली. दुसऱ्यात, आता सांगून काय उपयोग, असं विचारलं. तिसऱ्या घरच्या माणसाने बोलणं पुरं होऊ दिलं नाही, दार लोटलं. व्हर्लिनने उरलेलं वाक्य बंद दाराला सांगितलं आणि मग पायऱ्या उतरला. दिवसाला एकाच घराची ताकद असायची, पुढे तीन दिवसांत एकाची. नोव्हेंबरपर्यंत सात घरं झाली. आठव्याच्या फाटकापाशी त्याला गाडीतून उतरता आलं नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला तो गेला. बाई अंत्यविधीला आल्या, पुढच्या रांगेत आर्डिथशेजारी बसल्या आणि सगळा वेळ त्यांनी तिचा फुटका हात आपल्या हातात धरून ठेवला होता.

उरलेली चार घरं आर्डिथने केली. तिला व्हर्लिनसारखं बोलता येत नसे. ती आपलं नाव सांगायची आणि सरळ भिंतीपाशी नेऊन बोटाने माती काढून दाखवायची. दोघांनी ऐकून घेतलं. तिसरं घर रिकामंच होतं, तिथे तिने दाराच्या फटीत चिठ्ठी सरकवली.

शेवटचं घर टेकडीवरचं. नवं जोडपं राहायला आलं होतं. नवरा मोठ्या हौसेने तिला घराच्या बाजूला घेऊन गेला. थंडीची उघडीप मिळाली म्हणून त्यांनी आदल्याच दिवशी सांधे भरून घेतले होते. करडं सिमेंट, कडेला अजून ओलसर.

आर्डिथने त्याला सगळं सांगितलं. अजून घट्ट झालेलं नाही, आजच्या आज खरवडलंत तर निघेल, माझ्याकडे छिन्न्या आहेत, मी स्वतः येते, हेही सांगितलं. तो माणूस मवाळ होता. त्याने मान डोलावली, बायकोला विचारून बघतो म्हणाला, व्हर्लिनबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं आणि आत गेला.

ती गाडीत येऊन बसली. किल्ली फिरवली, पुन्हा बंद केली. समोर ऊन कलत होतं आणि भिंतीवरचे सांधे कडेने फिके पडत चालले होते. ती उतरली, मागच्या सीटवरची हत्यारांची पिशवी घेतली आणि जाऊन पुन्हा दार वाजवलं.